धाकट्या भावाचा नंबर

— ती वही राहू द्या गुडघ्यावर, मी काही पळून जात नाही, पण आधी हनुवटी इथे टेकवा. कपाळ पुढे. एवढं नको, दारावर धडक द्यायची नाहीये — हां, असं. तुम्ही आत आलात, भिंतीवरच्या पाटीकडे बघताना डोळे बारीक केलेत, मान तिरकी केलीत, तेव्हाच मी म्हटलं, माझ्या भावाचं चरित्र नंतर, आधी ह्यांचा नंबर बघू. शेवटचं कधी तपासलं होतंत? — चार वर्षं. चार वर्षं चष्मा तोच, आणि त्यातनं बघून माणसं माझ्या भावाबद्दल वाचणार. बरं. बोला तुम्ही काहीही विचारायचं ते, म्हणजे विचारू नका, जबडा हलतो, मीच बोलते. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. अक्षर चांगलं आहे. फक्त एक शब्द मला खटकला, तो तुम्ही वरच घातलाय, ‘एका अस्वस्थ चित्रकाराची जीवनकथा’ — अस्वस्थ. तुम्ही त्याला कधी भेटला होतात? — नाही ना. मी त्याच्याबरोबर चाळीस वर्षं राहिले. तो अस्वस्थ होता असं म्हणायचं तर मला बसून आठवावं लागेल, कधी, ते.

खाली बघू नका, त्या हिरव्या ठिपक्याकडे बघा. आम्ही त्याला घरी ढब्या म्हणायचो. हे लिहू नका. लहानपणी गुबगुबीत होता आणि मोठेपणीही होता, ह्या तुम्ही आणलेल्या फोटोत जो दिसतो ना, गाल बसलेले, डोळे खोल गेलेले, तो फोटो कावीळ झाली होती तेव्हाचा आहे. त्याला आवडायचा म्हणून त्याने सगळीकडे तोच दिला. आता ही ट्रायल फ्रेम घाला, भिंगं बदलून बघायची, जड लागेल, वडिलांच्या वेळची आहे, नाकावर वण उठतो पण दहा मिनिटांत जातो. दुकान वडिलांचंच. पुढे दुकान, मागे भिंगं घासायची खोली, वर आम्ही. वडील गेले तेव्हा मी चोवीसची, तो अठराचा, मग मी इथे उभी राहिले ती राहिलेच. तो मागच्या खोलीत चित्रं काढायचा आणि पुस्तकं वाचायचा. पुस्तकं म्हणजे एकाच जातीची. चित्रकारांची चरित्रं. तीही धड सुखाने जगलेल्या चित्रकारांची नाहीत — वेड लागलेले, उपाशी मेलेले, दारूत बुडालेले, स्वतःची चित्रं फाडणारे, भिंतीवर डोकं आपटणारे. जुन्या पुस्तकवाल्याकडनं आणायचा पिशवी भरभरून. वडील होते तोवर म्हणायचे, हा मुलगा एवढे आजारी लोक घरात कशाला आणतो. एकतीस पुस्तकं होती शेवटी. मी मोजली, नंतर.

आणि नुसता वाचायचा नाही, पेन्सिल घेऊन वाचायचा. रेघा मारायचा आणि कडेला लिहायचा, ‘मलाही असंच’. त्या चित्रकाराला झोप यायची नाही — मलाही असंच. आता मी सांगते तुम्हाला, हा माणूस साडेनऊला आडवा व्हायचा आणि पावणेदहाला वरच्या मजल्याची फळी घोरण्याने थरथरायची. — पहिलं स्पष्ट की दुसरं? पुन्हा दाखवते. पहिलं. दुसरं. — सारखंच. बरं. सारखं वाटलं तर सारखं म्हणणारी माणसं मला आवडतात, बहुतेक जण मला बरं वाटावं म्हणून काहीतरी निवडतात. — तर एकदा त्याने कुठल्याशा पुस्तकात वाचलं की तो कोण चित्रकार आठवडाभर काही न खाता काम करत होता. ह्यानेही सुरू केलं. सोमवारी सकाळी. मंगळवारी दुपारी मी बघते तर हा समोरच्या बेकरीत उभा, हातात पाव, बेकरीवाल्याला रंगांबद्दल काहीतरी समजावून सांगतोय. मग एकाने म्हणे बिनकाचेच्या खिडकीच्या खोलीत हिवाळा काढला होता, तर ह्याने तशी खोली भाड्याने घेतली. बारा दिवसांत गोधडी काखोटीला मारून परत आला, नाक लाल, म्हणाला, ताई, तिथे प्रकाश चांगला नव्हता. मग प्रेमभंग राहिला होता. त्यासाठी त्याने पोस्टातली एक बाई निवडली, लग्न झालेली, म्हणजे कसं, भंग होणार हे आधीच नक्की. पण ती बाई फार चांगली निघाली हो. तिने ह्याला घरी बोलावलं, नवऱ्याशी ओळख करून दिली, आणि पुढे दहा वर्षं हा दर रविवारी त्या नवऱ्याशी पत्ते खेळायला जात होता. तिच्या नवऱ्याशी बोला तुम्ही, तो सांगेल, ढब्या पत्त्यांत लबाडी करायचा. अस्वस्थ म्हणे.

त्याचं दुःख एकच होतं, की त्याला दुःख टिकायचं नाही. रात्री मला म्हणायचा, ताई, माझ्यात काहीतरी कमी आहे. मी म्हणायचे, आहे, अक्कल, झोप आता. आणि तो झोपायचा.

फक्त एक गोष्ट खरी होती. डोकं दुखायचं. कपाळाच्या इथे, भुवयांच्या मधे, दुपारनंतर. ती चरित्रं बघा तुम्ही, तुम्ही वाचलीच असतील — दहांतल्या आठांचं डोकं दुखत असतं. ढब्याने तिथे दोन-दोन रेघा मारल्यात. मलाही असंच, मलाही असंच. मला विचाराल तर त्यातल्या निम्म्यांना वेळेवर चष्मा मिळाला असता तर पुस्तकं पातळ झाली असती. — आता हे वाचा. वरून दुसरी ओळ. — खालची? — अंदाज नको, दिसत नसेल तर नाही म्हणा.

तुम्हाला वाटेल, चष्म्याच्या दुकानात वाढलेला मुलगा, त्याला नंबर आहे हे बापाला कळलं नाही, बहिणीला कळलं नाही? मीही तेच म्हणते. पण तो वाढला ह्याच खोलीत. ह्या खुर्चीखाली रांगायचा. दिवसभर गिऱ्हाईकं तो तक्ता मोठ्याने वाचायची आणि हा ऐकायचा, बोलायला लागला तेव्हा ‘आई’ म्हणायच्या आधी तक्ता म्हणायला शिकला. दरवर्षी वडील त्याला बसवायचे, हा शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा म्हणून दाखवायचा, न चुकता. वडील खूश. डोळे आपल्या घराण्याचे, म्हणायचे. पुढे मी बसवायचे, तेच. त्याला वाटायचं, तपासणी म्हणजे पाठांतर. त्याने फसवलं नाही हो कुणाला. त्याला खरंच वाटायचं की अक्षरं पाठ करायची असतात आणि लांबचं जग सगळ्यांनाच असं दिसतं.

तशीच त्याची चित्रं. तुम्ही लिहिलंय पत्रात — थांबा, मला आठवतं ते वाक्य — ‘वस्तूंच्या कडा नाकारून त्यांनी आतली वेदना मोकळी केली’. चांगलं वाक्य आहे. पहिल्यांदा ते कुणी दुसऱ्यानेच लिहिलं होतं, त्याच्या पहिल्या प्रदर्शनाच्या वेळी, वर्तमानपत्रात, आणि मग सगळ्यांनीच तसं लिहिलं. रस्त्यावरचे दिवे भोपळ्याएवढे, माणसं धुराची, झाडं म्हणजे नुसता हिरवा दम सोडलेला. लोक समोर बराच वेळ उभे राहायचे. एक बाई रडली, मी बघितलं, मी कोपऱ्यात उभी होते. ढब्या तिला रुमाल द्यायला धावला आणि रुमालाला रंग होता, तो तिच्या गालाला लागला. घरी येईपर्यंत गाणं गुणगुणत होता. अहो, कडा नाकारत नव्हता तो. त्याला दिसतच नव्हत्या.

मीही तेव्हा वाचायला लागले, ती चरित्रं. तो वर झोपला की मी खाली दुकान आवरून तासभर. म्हटलं, आता हा प्रसिद्ध होतोय, तर पुढे काय काय होतं ते बघून ठेवावं. पण मी चित्रकारासाठी नाही वाचत, मी मागून वाचते. मागे ती नावांची यादी असते ना, त्यात बहीण शोधते, मग तेवढीच पानं. बहिणींचं काय होतं सांगू? एक जण त्याची पत्रं जाळते. एक जण त्याला दवाखान्यात पोचवते आणि परत घ्यायला जात नाही. एकीने लग्न केलं नाही, हे अर्ध्या ओळीत. आणि म्हाताऱ्या झाल्या की सगळ्या एकजात सांगतात, तो लहानपणी फार गप्प असायचा. तुम्हीही विचारणार होतात ना, लहानपणी कसे होते? ढब्या गप्प नव्हता. कान किटायचे. आणि आणखी एक मी बघितलं, एकतीस पुस्तकांत एकही असं नाही की त्या माणसाचं दुखणं बरं झालं आणि मग त्याने चांगली चित्रं काढली. बरं झालं की प्रकरण संपतं. पुढचं पान कोरं, नाहीतर सरळ मृत्यू. हे डोक्यात राहतं माणसाच्या. चष्मेवाली असले तरी.

आता मी एक जाड भिंग घालते, सगळं धूसर होईल, घाबरू नका. मुद्दाम करतात तसं, डोळ्याने ताण सोडावा म्हणून. दोन-तीन मिनिटं असंच बसायचं. तक्ता दिसत नाही ना? मीही दिसत नसणार. बरं आहे, तुम्हाला लिहिताही येणार नाही तेवढा वेळ.

दुसऱ्या प्रदर्शनानंतरची गोष्ट. तो अडतीसचा. तो जुना तक्ता पिवळा पडला होता, खालच्या ओळी पुसट, तर मी नवा आणला, हा समोरचा. अक्षरांचा क्रम वेगळा. टांगला आणि त्याला सांगायला विसरले — म्हणजे सांगण्यासारखं त्यात काय होतं. तो दुपारी आला, डोकं धरून, म्हणाला, ताई, बघ ना जरा, आज फार ठणकतंय. मी बसवलं. वाच म्हटलं. त्याने वाचलं, वरून खालपर्यंत, ठणठणीत आवाजात. जुना तक्ता. समोर नवा आणि हा जुना म्हणतोय. एक अक्षर जुळत नव्हतं. मी दार लावून घेतलं आणि नीट तपासलं, तासभर लागला. वजा साडेचार, दोन्ही डोळ्यांना. वजा साडेचार म्हणजे, तुमच्यासाठी सांगते, रस्त्यापलीकडचा माणूस बाई आहे की पुरुष हे चालीवरून ओळखायचं.

मी पूर्ण नंबर ट्रायल फ्रेममधे घातला आणि त्याला उठवून त्या काचेच्या दारापाशी नेलं. त्याने बाहेर बघितलं. आधी हसला. म्हणाला, ताई, बेकरीच्या पाटीवर खाली अजून एक ओळ आहे. म्हटलं, हो. म्हणाला, तारांवर पक्षी आहेत. म्हटलं, असतात. मग तो वळला आणि त्याने भिंतीकडे बघितलं, तिथे, कपाटाच्या वर, त्याचं चित्र होतं, ह्याच रस्त्याचं, ह्याच दारातनं काढलेलं. ते बघितलं, पुन्हा बाहेर बघितलं. पुन्हा चित्र. आणि त्याचा चेहरा — मी त्याला उपाशी बघितलंय, काविळीत बघितलंय, वडील गेले तेव्हा बघितलंय. तसा चेहरा कधी नव्हता. म्हणाला, मग मी इतकी वर्षं काय काढत होतो? हळू म्हणाला. माझ्याकडे बघत नव्हताच. तुम्हाला तो शब्द वापरायचाच असेल ना, अस्वस्थ, तर तेवढ्या वेळासाठी वापरा. मिनिटभर असेल, त्याहून कमी.

मला ते बघवलं नाही. मी त्याच्या नाकावरनं फ्रेम काढली आणि म्हटलं, अरे वेड्या, ही तपासणीची भिंगं आहेत, ह्यातनं सगळं फाजील दिसतं, असं कुणालाच दिसत नसतं. तो म्हणाला, खरं? म्हटलं, खरं. आणि त्याला लगेच पटलं. लगेच. आमच्या धंद्यात असंच असतं, खुर्चीत बसलेल्या माणसाला आम्ही सांगू तेच दिसणं. मी त्याला वजा दोनचा चष्मा करून दिला. म्हटलं, तुझे डोळे नाजूक आहेत, ह्याहून जास्त नंबर सोसायचा नाही. डोकं थोडं कमी झालं दुखायचं. तो खूश. चित्रं तशीच येत राहिली, दिवे भोपळ्याएवढे नाहीत, आंब्याएवढे. कुणीतरी लिहिलं की आता त्यांच्या वेदनेत संयम आलाय. मी म्हटलं, चला, झालं, दोन्ही साधलं.

धूसरच आहे ना अजून? बसा तसेच.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, म्हणजे तुम्ही जे वाचलंय ते. दोन वर्षांनी. संध्याकाळचे सहा, आभाळ भरलेलं, रस्ता करडा, सिमेंटचा ट्रक करडा, दिवे लावलेले नव्हते. हे तुमच्या कात्रणांत नसणार, दिव्यांचं. तो समोर पाव आणायला निघाला होता. मी आत एका गृहस्थांचा डोळा बघत होते, ब्रेक ऐकला आणि म्हटलं, कुणाचं काय झालं बघा. ड्रायव्हर रडत होता बिचारा. शपथेवर सांगत होता की ह्यांनी माझ्याकडे बघितलं, सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं, आणि मग पाऊल टाकलं. खरं सांगत होता तो. ढब्याने बघितलंच असणार. रस्ता ओलांडताना बघायचं हे मीच शिकवलेलं, हात धरून.

तपासाला एक साहेब आले. सभ्य होते. मागच्या खोलीत गेले, एकतीस पुस्तकं उघडून बघितली. एकाने नदीत उडी घेतलेली, एकाने शेतात जाऊन काय ते केलेलं, आणि प्रत्येक ठिकाणी पेन्सिलची रेघ आणि कडेला माझ्या भावाचं अक्षर — मलाही असंच. ते साहेब वाचत गेले, मग त्यांनी टोपी काढली. मला म्हणाले, बाई, ह्यांच्या मनात बरेच दिवस होतं. मला सांगता आलं असतं. साहेब, हा माणूस ह्या रेघा मारून झाल्या की दूध पिऊन झोपायचा. पण त्यांनी मग तोच प्रश्न विचारला, दिसायला काही त्रास होता का ह्यांना? चष्मा त्यांच्याकडेच होता, पाकिटात, एक काच शाबूत. मी म्हटलं, नाही. नीट दिसायचं. नंबरचा चष्मा आहे, मीच दिलाय, तपासून. त्यांनी लिहून घेतलं. चष्मेवालीच सांगतेय म्हटल्यावर कोण कशाला शंका घेईल. आणि नीट दिसणारा माणूस ट्रकच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत बघून पाऊल टाकतो, म्हणजे मग एकच अर्थ उरतो. तो वर्तमानपत्रात आला. मग लेखांत आला. आता पुस्तकात येणार.

तुम्ही काय विचारणार ते मला कळतंय. विचारू नका. त्याच्या मनाला इतकं वाईट वाटू नये म्हणून मी वजा दोन दिलं. साहेबांना खोटं सांगितलं ते मात्र माझ्यासाठी. ह्या दोन गोष्टी एकत्र करून लिहू नका, वेगवेगळ्या आहेत. आणि ते बहिणीचं समजूतदारपणाचं वगैरे घालू नका. मी इतकी पुस्तकं वाचलीत, मला बहिणींबद्दल कसं लिहितात ते माहीत आहे.

त्याचं कार्ड आहे माझ्याकडे. त्या दिवशी नीट भरलं होतं, सवयीने, तारीख घालून — तपासलेला नंबर वजा साडेचार, दिलेला वजा दोन, खाली माझी सही. फाडायला घेतलं होतं एकदा. पण आमच्याकडे कार्ड फाडायची पद्धत नाही. हे घ्या. हात पुढे करा, तुम्हाला दिसत नाहीये. — घ्या हो. तुमच्या पुस्तकाचं नाव त्याने बिघडेल, ते मला समजतं, प्रकाशक काय म्हणेल तेही. अस्वस्थ चित्रकार पाव आणायला निघाला होता, हे काही शोभत नाही. पण तो पाव आणायलाच निघाला होता. दोन सांगितले होते मी, एक लांबट आणि एक साधा.

आता जाड भिंग काढते. हं. वजा सव्वा, आणि डावीकडे थोडा तिरका नंबर आहे. दिसलं? शेवटची ओळ? — मी तक्ता म्हणतेय, तुम्ही माझ्याकडे कशाला बघताय. तक्ता वाचा.

— वाचा ना.

राहू द्या. शुक्रवारी या, चष्मा तयार होईल. आणि जाताना बाहेर त्या बाई बसल्यात, त्यांना आत पाठवा, बराच वेळ झाला त्यांना येऊन.